जुना सायरन बॅटरीला जोडण्याआधी
जुन्या अग्निशमन गाडीचा सायरन हाती आला, की आधी त्यावरची पट्टी पुसून व्होल्टेज वाचा. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच अमेरिकी गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. तसली मोटर १२ व्होल्टवर जळू शकते, आणि ती पुन्हा गुंडाळून घेणं सोपं नाही. आतलं चक्र हाताने मोकळं फिरतंय ना, तेही बघा. मोठा यांत्रिक सायरन १०० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणून तो साध्या बटणातून थेट कधीच चालवू नका. बटणाने फक्त सोलेनॉइड (मोठा करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच) चालवा, सायरनला जाड केबल घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा. अर्थिंगची जागा गंज खरवडून चकचकीत करा. जास्तीची बारीक वायर दिसली, तर ती बहुधा सायरनचं फिरतं चक्र थांबवणाऱ्या ब्रेकची असते.