मॅक-४ चं गुणांकन: उलटी विधानं दोनदा उलटवू नका

डिझर्टेशनला मॅकियाव्हेलियनिझम, म्हणजे स्वार्थासाठी लोकांना धूर्तपणे वापरण्याचा स्वभाव, घेतलंय म्हणजे तो मोजणारी मॅक-४ ही प्रश्नावली तुमच्या हातात असणारच. क्रिस्टी आणि गाइस यांची १९७० ची, वीस विधानांची; प्रत्येकाला असहमतीपासून सहमतीपर्यंत एक ते सात गुण. दहा सुलटी, दहा उलटी, म्हणजे ज्यांना होकार दिला की हा स्वभाव कमी दिसतो. उलट्यांचे गुण फिरवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं, तरी दीड महिना गेला.

झालं असं. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ‘रिकोड इंटू सेम व्हेरिएबल्स’ वापरलं, म्हणजे त्याच रकान्यात जुन्या गुणांच्या जागी उलटे गुण आले, आणि फाइल सेव्ह केली. सातचा एक, सहाचा दोन, सगळं नीट. चार दिवसांनी राहिलेले बावीस फॉर्म त्याच फाइलमध्ये भरले आणि तोच रिकोड पुन्हा चालवला. नवे फॉर्म बरोबर उलटले, पण आधीचे सगळे परत मूळपदावर आले. एकचा पुन्हा सात. स्क्रीनवर आकडे एक ते सातच दिसतात, त्यामुळे शंकाही येत नाही. अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, मात्र शून्याजवळ आला.

मी मराठी भाषांतराला दोष दिला, मग उत्तरदात्यांना. मॅडम म्हणाल्या, विधानं काढून बघ. मी तीन काढली. मूळ फॉर्म न बघता विधानं काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, गाईड असले तरी. शेवटी सतरा नंबरचा फॉर्म हातात घेतला. खोटं बोलणं कधीच क्षम्य नाही, अशा आशयाच्या विधानापुढे त्या माणसाने सातवर दोनदा गोल केला होता. फाइलमध्येही सातच. तिथे एक हवा होता.

म्हणून मूळ रकान्यांना हात लावू नका. ‘डिफरंट व्हेरिएबल्स’ निवडा, किंवा आठातून गुण वजा करून नवा रकाना करा. बेरजेत मूळ पद्धतीप्रमाणे २० मिळवले की गुण ४० ते १६० मध्ये येतात आणि १०० हा मध्य. ज्या अभ्यासाशी तुलना करताय त्यात ते २० धरलेत का, हे आधी बघा.

ही उलटापालट टाळायला काही जण २०१० ची डर्टी डझन ही प्रश्नावली घेतात. बारा विधानं, त्यातली मॅकियाव्हेलियनिझमची फक्त चार. चार विधानांवर अख्खं डिझर्टेशन उभं करणं मला पटत नाही. त्यापेक्षा २०१४ ची शॉर्ट डार्क ट्रायड ही प्रश्नावली घ्या. तिथे मॅकियाव्हेलियनिझमची नऊ विधानं आहेत आणि त्यांत उलटं एकही नाही.

आणि अल्फा पडलाच असेल तर घाबरू नका. कागदी फॉर्म जपून ठेवले असतील तर काहीच गेलेलं नाही. माझा सगळा डेटा नव्याने भरायला, मैत्रिणीने आकडे वाचून दाखवले तेव्हा, एक संध्याकाळ पुरली.