फौंड्रीतली धूळ आणि पुरुषाची तपासणी

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, पण दवाखान्याच्या फेऱ्या बायकोच्याच. चूक माझीच होती, मी गेलोच नाही.

आधी पुरुषानं वीर्य तपासून घ्यावं. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाखांपेक्षा कमी शुक्राणू निघाले तरी हातपाय गाळू नका, पुन्हा तपासा.

२.५ मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते, त्यातली सर्वांत बारीक रक्तातही. त्यानं शुक्राणूंची हालचाल मंदावू शकते, डीएनए बिघडू शकतो. भट्टीची धगही वाईटच.

तोंडाला टॉवेल गुंडाळून भागत नाही. बारीक धूळ अडवणारा एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. दाढीतून हवा शिरते, म्हणून मी दाढी काढली. मिशी मात्र ठेवली, बेळगावचा माणूस आहे शेवटी! कामाचे कपडे घरात झटकू नका. खानापूर रोडला ट्रकच्या मागं गाडी चिकटवू नका. विडी ओढायची असेल तर मास्कचे पैसे फुकट.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा, आठवड्यात नव्हे.