घरातील हाली आणि कलदार नाणी कशी ओळखावीत, त्यांचे मोल कसे ठरवावे

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डब्यातून जी चांदीची नाणी बाहेर निघतात, त्यांत बहुधा दोन प्रकार मिसळलेले असतात: निजामाच्या टांकसाळीतला हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब एके काळी इथल्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ होता, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. म्हणून मोल विचारण्याआधी आपल्या हातातले नाणे या दोहोंपैकी कोणते, हे ठरवावे.

हाली ओळखणे सोपे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीपासूनच्या यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर दिसते. ते भिंगाखाली धरून पाहावे. ‘मीम’ (م) असेल तर नाणे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातले, म्हणजे १९११ पर्यंतचे. ‘ऐन’ (ع) असेल तर त्यांच्यानंतरचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातले. आकडे वाचताना घाई करू नये. उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात वरून उघडा आणि आठ त्याच्या उलट, खालून उघडा असतो. नाण्यावरचा ९२ हा आकडा वर्षाचा नाही. अक्षरांना अंक देण्याच्या जुन्या पद्धतीप्रमाणे ते ‘मुहम्मद’ या नावाचे मूल्य आहे. चार आकडी असते ते हिजरी वर्ष, तर दुसरा लहान आकडा राज्यारोहणापासूनच्या वर्षांचा. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास निघतो; १३४३ लिहिले असेल तर ते नाणे १९२४-२५ चे.

कलदारावर सन इंग्रजीतच असल्यामुळे तो प्रश्न उरत नाही, मात्र तपशील बारकाईने पाहावे लागतात. राणीछाप रुपयावर १८७७ पूर्वी व्हिक्टोरियाला ‘क्वीन’ म्हटले आहे आणि त्यानंतर ‘एम्प्रेस’. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर, राजाच्या वस्त्रावरील साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि १९१२ पासून ते चित्र बदलले. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहक आवर्जून शोधतात. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या बनावट प्रती पुष्कळ फिरतात. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे; तो चुंबकाला चिकटला म्हणून खोटा ठरत नाही.

मोलाचा पाया धातूचा असतो. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाचा नेमका एक तोळा. ‘रुपयाभार’ हा शब्द त्यातूनच आला. १९४० पूर्वीच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, १९४० ते १९४५ च्यात वजनाच्या निम्मीच, म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा असून १९४२ पूर्वीच्यात सुमारे ९.१ ग्रॅम चांदी भरते. सराफाच्या काट्यावर वजन करून त्यातल्या शुद्ध चांदीला त्या दिवसाच्या भावाने गुणले की किमान किंमत मिळते. त्यापेक्षा कमी देणाऱ्याला नाणे देऊ नये. त्यावरची किंमत सन, टांकसाळीची खूण आणि स्थिती यांवर ठरते. केस, मुकुट, अक्षरांच्या कडा शाबूत असतील तर मोल पुष्कळ वाढते. माळेसाठी कडी डाखलेली किंवा भोक पाडलेली असेल तर ते चांदीच्या भावावर येते. विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नये, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत पाहावी.

नाणे चिंचेने, राखेने किंवा लिंबाने कधीही घासू नये. आमच्या घरी आजीने वर्षानुवर्षे पूजेआधी रुपये राखेने चकाकवले आणि त्यांवरची अक्षरे पुसट झाली. कुंकवाचा थर राहू दिला असता तर बरे झाले असते. तो थर गरज वाटल्यास कोमट पाण्याने हळूच सोडवावा आणि नाणे मऊ कापडाने टिपून घ्यावे.

सर्वांत मोठी फसवणूक ‘१८१८, ईस्ट इंडिया कंपनी’ असे लिहिलेल्या, राम-सीता-हनुमान कोरलेल्या तुकड्यांत होते. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. ते नंतर बनवलेले टोकन आहे, त्याला लाखांचे मोल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जुनी नाणी विकून देण्यासाठी आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे.

शेतात नांगरताना जुन्या नाण्यांचा हंडा निघाला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पैठण आणि तेर परिसरात सातवाहनांची शिशाची नाणी मिळतात. ती हौसेने घरी न नेता जिथे मिळाली ती जागा, खोली आणि सोबतची भांडी तशीच ठेवून कळवावे, कारण त्या नाण्यांचा अर्थ त्या मातीतूनच लागतो.