मार्गदर्शक घडवायचेत? आधी त्यांना गप्प बसायला शिकवा

गावातल्या पोरापोरींनी वस्तूंच्या जबाबदार वापराचं, म्हणजे काय विकत घ्यायचं आणि काय टाकायचं याचा विचार करण्याचं, काम स्वतः हाती घ्यावं, म्हणून त्यांच्या पाठीशी राहणारे ताई-दादा तयार करायचे असतील तर हे वाचा. चटया, चहा, हजेरीपट याबद्दल सांगत बसत नाही.

निवड करताना भाषणाची हौस असलेला माणूस टाळा. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे (रासेयो) प्राध्यापक असू द्या. पण बचत गटाची ताई, मंडपवाला, किराणा दुकानदार हवेतच. गावात काय विकलं जातं आणि काय उकिरड्यावर जातं, हे त्यांना ठाऊक असतं.

'कमी वापरा' हा उपदेश मराठवाड्यात करायचाच नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली लेकरं आता विशीच्या आसपास आहेत. त्यांना काटकसर काय शिकवता? बोलायचंच तर नव्यानं घुसलेल्या गोष्टींवर बोला: लग्नातल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या, जार, शाम्पूच्या पुड्या, हप्त्यावरचा मोबाइल.

आता खरा अवघड टप्पा. माझं सगळ्यात जास्त डोकं इथंच फुटलंय. मार्गदर्शकाला उत्तर माहीत असतं, आणि ते त्याच्या पोटात राहत नाही. पोरं म्हणतात, "लग्नातल्या कागदी ताटांचं काहीतरी करू." लगेच साहेब, "स्टीलची ताटं आणा!" झालं. काम साहेबांचं झालं, पोरं हमाल.

शिवाय ते उत्तर कच्चं आहे. वैशाखात टँकर चालू असताना पाचशे ताटं धुणार कशानं? पळसाच्या पत्रावळी मिळतील का, कोण लावून देईल, कितीला पडतील? कागदी ताटाला आतून प्लॅस्टिकचा थर असेल तर ती जनावरांपुढे जाऊन चालेल का? हा हिशोब पोरांनीच मांडायचा. मंडपवाल्याला त्यांनीच विचारायचं, वधूपित्याशी त्यांनीच बोलायचं.

म्हणून सराव असा घ्या. तिघांचा गट करा: एक मार्गदर्शक, एक तरुण, एक निरीक्षक. दहा मिनिटं मार्गदर्शकानं फक्त प्रश्न विचारायचे. "असं करा" म्हटलं की निरीक्षक कागदावर रेघ ओढणार. "स्टीलची ताटं का नाही आणत?" हा प्रश्न नव्हे, हुकूम आहे, त्यालाही रेघ. विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं. ती शांतता भल्याभल्यांना सोसत नाही. निरीक्षक कॉलेजातलीच पोरगी असू द्या. मोठी माणसं एकमेकांच्या रेघा ओढत नाहीत, मान राखतात. दुपारी हाच सराव पुन्हा घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या.

ज्याच्या रेघा दुपारीही कमी होत नाहीत, त्याला सामान आणायचं काम द्या, गट देऊ नका. वयाकडे, हुद्द्याकडे बघू नका.

शपथ, बॅनर, घोषवाक्य स्पर्धा वगळा. खर्चाची छोटी रक्कम थेट पोरांच्या हातात द्या, हिशोब त्यांनीच लिहावा. पंधरा दिवसांनी मार्गदर्शकाला फोन करा, "काय केलंत?" असं नाही, "पोरांनी काय ठरवलं?" असं विचारा.

आणि हे सगळं दिवाळीआधी उरका. तुळशीचं लग्न लागलं की मंडपवाला तुमचा फोन उचलणार नाही.