स्पेक्ट्रम बंद आहे? आधी मायनस ५ व्होल्ट मोजा

माळ्यावरून उतरवलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, घेऊन कोणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "परवापर्यंत चालू होता." हा परवा बहुतेक वेळा १९९१ चा निघतो. नागपुरातले बरेचसे स्पेक्ट्रम कोणाच्या तरी विलायतेहून आलेल्या बॅगेतून उतरलेले. काही १९८८ पासून इथे विकले गेलेले डेसिबेल्स या भारतीय कंपनीचे डीबी स्पेक्ट्रम प्लस. दुरुस्तीची रीत दोघांची एकच. इथे ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) मॉडेलचं सांगते आहे, १२८ चा बोर्ड वेगळा असतो.

मल्टिमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि डिसोल्डरची जाळी तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

अडॅप्टर आधी तपासा. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा आणि पिनच्या मध्ये मायनस असलेला. बाजारातले बहुतेक अडॅप्टर मध्ये प्लस असलेले असतात. पिन बसते, म्हणून लोक लावून मोकळे होतात. निम्मी मशिनं तिथेच मरतात. जुना अडॅप्टर मोकळा मोजला तर १२-१४ व्होल्ट दाखवतो, त्यात बिघाड काही नाही.

चित्र नीट दिसत नसेल तर मॉड्युलेटरच्या (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीच्या) आतला रेझिस्टर सोडवा आणि व्हिडिओची वायर थेट बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या पिनला जोडा. टीव्हीच्या एव्ही इनपुटला लावा. झालं.

आता पडद्याकडे नीट बघा. निरोगी स्पेक्ट्रम सुरू होताना क्षणभर काळा होतो, त्यावर बारीक लाल रेघा येतात, मग पांढरा होऊन खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड असं येतं. त्या लाल रेघा म्हणजे रॉम, मशिनातला कायमचा प्रोग्राम, मेमरी तपासत असते. पडदा उभ्या पट्ट्यांवर अडकून बसला, रंग उडालेले असले, तर दोष बहुतेक खालच्या १६के मेमरीत किंवा तिला वीज देणाऱ्या भागात असतो. इथेच माझी दोन वर्षं आणि तीन बोर्ड गेले, म्हणून इथे थांबून सांगते.

खालच्या मेमरीच्या आठ चिप, आयसी६ ते आयसी१३, ४११६ जातीच्या. प्रत्येक चिप बाइटचा एकेक बिट सांभाळते. यांना एक नाही, तीन व्होल्टेज लागतात: पाय १ वर मायनस ५, पाय ८ वर प्लस १२, पाय ९ वर प्लस ५, आणि ग्राउंड पाय १६ वर. इतर चिपांच्या सवयीने पाय ८ ला ग्राउंड समजाल तर फसाल. प्लस ५ मोठ्या पत्र्याला लावलेल्या ७८०५ या रेग्युलेटरमधून येतो. बाकीचे दोन एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून बनवतात. टीआर४ गेला की १२ च्या जागी भलतंच काही दिसतं आणि मायनस ५ च्या जागी शून्य. आणि ४११६ ला १२ मिळाले पण मायनस ५ मिळाले नाहीत, तर ती चिप जळते. म्हणून मशीन चालू ठेवून विचार करत बसू नका. चालू करा, पाच सेकंदांत मोजा, बंद करा. चांगल्या मशिनात कॉइल कानाजवळ नेली की बारीक कुईं ऐकू येते.

मोजताना काळा प्रोब ७८०५ च्या पत्र्याला धरा. लाल प्रोबच्या टोकाला हीटश्रिंक नळी चढवा, जेमतेम दोन मिलिमीटर धातू उघडा राहील एवढी. मी नाही चढवली. पाय ८ वरून प्रोब सरकला आणि पाय ७ ला टेकला. तो पत्त्याचा पाय, आठही चिपांचा सामायिक, आणि त्याचं दुसरं टोक यूएलए नावाच्या मोठ्या चिपमध्ये. १२ व्होल्ट सरळ तिथे गेले. फेरांटी कंपनीची ती चिप तेव्हा कुठेच मिळत नव्हती. त्या दिवशी मी बोर्ड बाजूला ठेवला आणि तर्री पोहे खायला निघून गेले. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

टीआर४ मेलेला निघाला तर लगेच नवा लावू नका. सगळे हेच सांगतात, "टीआर४ बदला, चालू होईल." नाही होत. दहा सेकंदांनी तोही जातो. टीआर४ कशामुळे गेला ते आधी शोधा. एक तर कोणीतरी चालू मशिनात मागे जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसला असेल, नाहीतर एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली असेल. वीज बंद, मीटर ओहमवर, पाय ८ आणि पाय १६ मध्ये मोजा. शून्याच्या आसपास आलं तर शॉर्ट आहे. कोणती चिप ते शोधायला बेंच सप्लायवरून त्याच दोन पायांना फक्त १ व्होल्ट द्या, करंट अर्ध्या अँपिअरवर बांधा, आणि दोन मिनिटांनी बोट फिरवा. शॉर्ट असलेलीच कोमट होते. हे काम सकाळी करा. मे महिन्यात दुपारी इथे आठही चिप कोमटच लागतात.

शॉर्ट निघाला, मग ट्रान्झिस्टर. टीआर४ म्हणजे झेडटीएक्स ६५० आणि टीआर५ म्हणजे झेडटीएक्स २१३. दोन्ही एकदमच बदला. बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) मोदी नंबर दोनमधल्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणतो, "ताई, हा बीसी ५४७ घेऊन जा ना, हा पण चालते." नाही चालत. बीसी ५४७ जेमतेम १०० मिलिअँपिअरचा आणि झेडटीएक्स ६५० दोन अँपिअरचा. मी तो लावला होता. धूर निघायच्या आतच टिक असा आवाज आला. आठ दिवस थांबा, मागवा, पण तोच लावा.

खराब चिप काढताना ती वाचवायच्या भानगडीत पडू नका. मेलेल्या चिपसाठी जिवंत बोर्डाचे ट्रॅक उचलले जातात. बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या अंगाजवळ कापा, अंग फेकून द्या, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. भोक जाळीने साफ करा. तिथे सॉकेटच बसवा, नवी चिप थेट कधीच सोल्डर करू नका. मेलेल्या चिपवर चांगली चिप पाठीवर बसवून चाचणी करायची युक्ती खूप लोक सांगतात. आतली चिप नुसती मुकी झाली असेल तर कधी चालते, शॉर्ट असेल तर वरचीही ओढते. मी ती केव्हाच सोडून दिली.

नवी चिप बसवण्याआधी, सॉकेट रिकामं असतानाच, तिन्ही व्होल्टेज परत मोजा. मायनस ५ नसेल तर चिपला हात लावू नका.

वरची ३२के मेमरी सोपी. ती गेली तरी सिंक्लेअरचं वाक्य पडद्यावर येतं. 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' टाइप करा. ६५५३५ आलं तर सगळी ठीक, ३२७६७ आलं तर वरची गेली. तिथे सिंक्लेअरने अर्ध्या खराब निघालेल्या ६४के चिप स्वस्तात घेऊन बसवल्या होत्या. आता अख्खी ४१६४ बसते.

दहा मिनिटं चालून अडकत असेल तर ७८०५ खालची पेस्ट वाळलेली असते, पुसून नवी लावा. कूलर लावलेल्या खोलीत वर्षानुवर्षं राहिलेल्या मशिनात यूएलएचे पाय सॉकेटमध्ये काळे पडतात. नळाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, चिप एकदा काढा, पुसा, परत दाबा.

कीबोर्डच्या रिबनचे शेपूट तडकलेले असतील तर चिकटपट्टी, ग्रॅफाइट काही नको. नवा मेंब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) मिळतो, तो घाला.

झाकण लावण्याआधी मशीन तासभर चालू राहू द्या. त्या तासात त्याच खोलीतला कूलर तीन-चार वेळा चालू-बंद करा. मोटर सुरू होताना स्पेक्ट्रम रीसेट झाला तर बोर्ड परत उघडू नका, अडॅप्टर दुसऱ्या प्लगला लावा.