फोटोतलं चर्च नेमकं कुठलं ते असं ओळखा

ग्रुपवर कोणीतरी दोन टोकदार मनोऱ्यांच्या चर्चचा फोटो टाकतं, खाली "ओळखा पाहू", आणि निम्मे लोक धडाधड "कोलोन!" (जर्मनीतल्या कोलोन शहराचं कॅथेड्रल) लिहून मोकळे. घाई करू नका, तसली मनोऱ्यांची जोडी प्रागच्या सेंट व्हिटसलाही आहे आणि व्हिएन्नाच्या वोटिफ चर्चलाही.

आधी कमानी बघा. गोल कमान, जाड भिंत, खिडक्या एवढ्याशा म्हणजे बहुतेक रोमनेस्क, ही गॉथिकच्या आधीची बांधकामशैली. कमान टोकदार, खिडक्या उंचच्या उंच आणि भिंतीला बाहेरून दगडी टेकू दिलेले असले तर गॉथिक, म्हणजे मध्ययुगातली त्यानंतरची शैली, छपराचा भार त्या टेकूंवर गेला म्हणून तर भिंतीत एवढ्या मोठ्या काचा बसवता आल्या.

मग बांधकाम कशाचं ते. गॉथिक पण लाल विटांचं? ल्युबेक, ग्दान्स्क, म्हणजे बाल्टिक समुद्राचा किनारा, तिकडे बांधकामाला चांगला दगडच नाही. काळे-पांढरे दगडी पट्टे दिसले की इटली, बहुतेक सिएना नाहीतर ओर्विएतो.

छपरावर तर झूम कराच! रंगीत कौलांची नक्षी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफनला आहे तशी बुडापेस्टच्या मात्याश चर्चलाही आहे, त्यामुळे भले भले गंडतात. स्टीफनच्या छपरावर एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड असतो, तो सापडला की विषय संपला. कौलांत दोन मोठ्या ढाली दिसल्या तर झाग्रेबचं सेंट मार्क.

आता वय, इथे सगळेच फसतात. जर्मनीतला नॉयश्वानस्टाइनचा किल्ला दिसतो मध्ययुगातला पण काम सुरू झालं १८६९ ला. आपला राजाबाई टॉवर आठवा, गॉथिक थाटाचा, पण पूर्ण झाला १८७८ मध्ये, लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटच्या डिझाइनवरून. तेव्हा नुसत्या टोकदार कमानीवरून "बाराव्या शतकातलं" असं ठोकून देऊ नका.

बाकी दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट बघाच, अक्षरं उलटी दिसली तर फोटोच आरशासारखा फिरवलाय.

आणि ते जोडमनोरे? बाजूला हिरव्या टोपीचा तिसरा जाडा मनोरा असेल तर प्राग. दगड काळवंडलेला, शेजारी रेल्वे स्टेशन आणि ऱ्हाइनवरचा लोखंडी पूल असेल तर मात्र बिनधास्त कोलोन लिहा, १५७ मीटर उंच, सुरुवात १२४८ ला आणि पूर्ण व्हायला १८८० उजाडलं.