वृत्तपत्र परिषदेची सत्रं कशी लावावीत

नागपुरात परिषद घ्यायची तर डिसेंबर टाळा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असलं की हॉटेलात खोली मिळणं मुश्कील, आणि बातमीदार विधानभवनात अडकलेले. फेब्रुवारी उत्तम.

सत्रं अकरा ते चार ठेवा. संपादक रात्री पान छपाईला सुटेपर्यंत जागा असतो, विक्रेता पहाटे गठ्ठे सोडवायला उठतो; दोघांना जमेल अशी हीच वेळ. विक्रेत्याला मंचावर बसवाच. कोणत्या गल्लीत अंक का बंद झाले, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

वक्त्याला मी नेमका प्रश्न लिहून पाठवतो. ‘वृत्तपत्रांचं भवितव्य’ म्हटलं की भाषण होतं. ‘नव्या कायद्यात नियतकालिकाची नोंदणी कशी करायची?’ म्हटलं की माणसं वह्या काढतात. नोंदणीचा १८६७चा कायदा जाऊन २०२३चा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला आहे. छोट्या साप्ताहिकवाल्यांसाठी हे सत्र पहिलंच घ्या.

छपाईच्या सत्रात त्या दिवशीचे अंक आणि भिंगं वाटा. फोटोच्या कडेला लाल किंवा निळी रेघ दिसली, की छपाईचे चारही रंग (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) एकमेकांवर नीट बसले नाहीत हे लगेच कळतं. शाल-श्रीफळ जेवणाआधी पाच मिनिटांत उरका.